दादाच्या मेरीत आईचा खार

५ जानेवारी

दादा,

नमस्कार. फोनवर मी 'आई' हा शब्द काढला की तुझ्याकडचा आवाज तुटायला लागतो, असं गेल्या तिन्ही वेळा झालं. "हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाहीये" म्हणून तू ठेवून देतोस, आणि मला मात्र तुझ्यामागे वहिनी भाजी चिरतेय ते सुद्धा ऐकू येत असतं. म्हणून हा कागद. कागदाला रेंजची अडचण नसते.

मुद्द्यावर येते. दातांच्या कॉलेजातून मला पुन्हा विचारणा झालीय. वर्षभर मुलामुलींना कवळ्या बनवायला शिकवायचं. एक एप्रिलला हजर व्हायचं. याआधी दोनदा विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, कारण आईकडे कोण बघणार. आता तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, आणि का विचारावं? निम्मं आयुष्य तळघरातल्या लॅबमध्ये प्लास्टरची धूळ खात लोकांचे दात घडवण्यात गेलं. मला एकदा फळ्यासमोर उभं राहायचंय, दादा. मनापासून राहायचंय.

गेल्या उन्हाळ्यात तू इथे आलास, आईच्या हातचं पोटभर जेवलास आणि हात पुसता पुसता म्हणालास, "चिंगे, तुला कुठे जायचं असेल तर खुशाल जा. आईला माझ्याकडे पाठव. मागची खोली तिचीच आहे." आईने ते ऐकलं. तिचा डावा कान गेलाय, पण तू उजवीकडे बसला होतास. तेव्हापासून ती जिना झाडणाऱ्या बाईंनाही सांगते, मुलाकडे माझी खोली आहे म्हणून.

तर मार्च संपता संपता मी आईला घेऊन येते. पलंग खिडकीशी लाव, तिला उजेड लागतो. न्हाणीघरात धरायला एक दांडा बसव. बाकी ती काही मागत नाही. हो की नाही, एका शब्दात कळव. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे फेटाळलेस, त्यामुळे 'हो' लिहायला हात वळायचा नाही, हे जाणून आहे. तरी प्रयत्न कर.

तुझी
चिंगी

ता. क. वहिनीला नमस्कार. भाजी चिरताना बोट सांभाळ म्हणावं.


२१ जानेवारी

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईतून चालत गेल्यासारखं. असो. अभिनंदन! आपल्या घराण्यात आजवर शिकवणारं कोणी निघालं नाही, शिकलेलेही बेताचेच.

आईबद्दल लिहितेस, तर तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही. परंतु काही बाबी तपासाव्या लागतील. एक तर म्हाताऱ्या माणसाला जागा बदलली की मानवत नाही. इथलं पाणी जड आहे. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद पडते. शिवाय मी त्या वेळी नेमकं काय म्हणालो होतो, कोणत्या संदर्भात, हेही पाहावं लागेल. याचा अर्थ 'नाही' असा काढू नकोस. याचा अर्थ 'विचाराधीन' असा आहे.

मागच्या खोलीत सध्या थोडा बदल केलाय. तात्पुरता. एक शिसवी काउंटर, चार उंच स्टुलं, मागे आरसा आणि पेले उलटे टांगायला पितळी पट्टी. निवृत्त माणसाला छंद हवा, नाहीतर तो बायकोच्या कामात लक्ष घालतो. कोणी गुलाब लावतं, कोणी गुडघ्यांबद्दल बोलतं. मी कॉकटेल करतो.

तुला त्यातलं काय कळणार म्हणा, तरी सांगतो. ब्लडी मेरी नावाचं एक जुनं, नामांकित पेय आहे. टोमॅटोचा रस, व्होडका, लिंबू, मिरपूड, मीठ, थोडं झणझणीत सॉस. मला ते मिळमिळीत वाटतं. त्यात सुधारणा करायचं मी मनावर घेतलंय. चिंच घालून पाहिली, तर ते प्यायच्याऐवजी त्याने पितळेचे डबे घासावेत असं वाटलं. व्हिनेगर घातलं, त्याने तुझ्या वहिनीने खरंच ओटा पुसला. एकदा मिश्रण जोरात हलवताना झाकण उडालं. छतावर अजून डाग आहे. खालच्या मजल्यावरचे वकील वर आले ते थेट "पोलिसांना कळवलंत का?" असंच विचारत. पुढे कळलं की मेरी हलवायची नसतेच, या पेल्यातून त्या पेल्यात ओतायची असते.

आणि परवा एकदम डोक्यात प्रकाश पडला. आईच्या खारवलेल्या लिंबांचा खार! ते आलं, ती फेसलेली मोहरी, तळाशी मुरलेली मिरची! आंबट, तिखट, खारट, तिन्ही एका घोटात. एक बरणी ताबडतोब पाठव. लिंबं तुम्ही खा, मला नुसता खार हवा. आईला सांग, पचनासाठी हवाय. ते काही खोटं नव्हे, शेवटी जाणार पोटातच.

मार्चला अजून अवकाश आहे.

तुझा
दादा


३ फेब्रुवारी

दादा,

एका शब्दाचं उत्तर मागितलं होतं. तू भरभरून लिहिलंस, त्यात तो शब्द सोडून बाकी सगळे आहेत. तात्पुरतं काउंटर शिसवी कधीपासून करायला लागले? आणि पाणी जड आहे म्हणतोस, त्याचं तुला काय कळतं? पाणी तपासायच्या खात्यात वहिनी आहे, तू नाहीस. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असं म्हणतात ना, त्यातले दाखवायचे मी रोज घडवते. लांबून ओळखते.

बरणी पाठवलीय. कशी भरली तेही ऐक. पोटाची तक्रार म्हटल्यावर आईचा जीव वरखाली. "लहानपणीसुद्धा त्याला पचायचं नाही," म्हणाली. मला आठवतं त्याप्रमाणे लहानपणी तुला माझ्या वाटचंही पचायचं, पण ते जाऊ दे. तिने स्वतःसाठी राखलेली दोन वर्षं मुरलेली बरणी काढली, खिडकीशी बसून स्वच्छ फडक्यातून खार गाळला, झाकणावर कापडाचा दादरा बांधला आणि तीनतीनदा बजावलं, "जेवणानंतर एकच चमचा. उपाशीपोटी नको." आता तिच्या बरणीत नुसती कोरडी लिंबं उरलीत. जेवताना एक चोखते आणि म्हणते, मला असंच आवडतं.

तुझं पत्र मी तिला गाळून वाचून दाखवलं होतं, पण एक पान टेबलावर राहिलं आणि ती भिंग घेऊन बसली. मला विचारते, "ही मेरी कोण?" मी म्हटलं, आहे दादाच्या ओळखीतली. "आणि मिळमिळीत आहे तर हा तिला कशाला सुधारतोय? बायकोला माहीत आहे का?" मी म्हटलं, बायकोच्या समोरच चालतं सगळं. तेव्हापासून ती वहिनीची फार काळजी करते.

पलंगाचं काय केलंस?

चिंगी


१७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

आशीर्वाद. काय सांगू तुला! खार पोचला आणि मेरीचं सोनं झालं!

कृती लिहून ठेव, कधी तरी माझ्या नावावर ओळखली जाईल. लालबुंद टोमॅटो विस्तवावर सालं काळी पडेपर्यंत भाजायचे, सोलून, कुस्करून, गाळून घ्यायचे. पेल्याच्या काठाला लिंबू फिरवून तो मीठ आणि तिखटात उपडा टेकवायचा. आत बर्फ, मग दोन मापं व्होडका, वर टोमॅटो, अर्ध्या लिंबाचा रस, ताजी मिरपूड, भाजल्या जिऱ्याची चिमूट आणि शेवटी आईचा खार, दोन मोठे चमचे. या पेल्यातून त्या पेल्यात चार वेळा. पहिल्या घोटाला कान तापतात, दुसऱ्याला नाक मोकळं होतं. तिसऱ्या पेल्यानंतर परवा मी स्टुलावरून उतरलो तर जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती. व्होडका तीच, पण खाराने तिला धार आली. या गोष्टी जिभेला कळाव्या लागतात. माझी जीभ पहिल्यापासून तयार आहे, हे तुला आईही सांगेल.

बाटलीतून ओतणं मला गावंढळ वाटतं, म्हणून काचेची एक नक्षीदार सुरई आणलीय. ती भरून थंड करून ठेवायचं काम तुझ्या वहिनीने आपणहून घेतलं. पूर्वी बाटली दिसली की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. हल्ली स्वतः विचारते, "भरू का अजून?" माणूस बदलतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

आठ मार्चला संध्याकाळी मेरीचं उद्घाटन ठेवलंय. आमचे जुने साहेब येणार, खालचे वकील येणार, ऑफिसातली दोनचार जुनी खोडं येणार.

पलंगाचं बघू. आणि हे बघ, आईच्या मनात नसेल तर तिच्यावर बळजबरी करू नकोस. या वयात माणसाचं मन मोडू नये. मी तुझ्या वहिनीलाही तेच सांगितलं.

तुझा
दादा


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमच्या भावाचं पत्र टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं होतं. पाकीट मी फोडलं नाही, पण मजकूर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, आवाज चढवत, उतरवत. म्हणून हे वेगळं लिहिते.

सुरईत पाणी आहे.

सावकाश वाचा, घाई नाही. वर्षाच्या सुरुवातीला ह्यांच्या यकृताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, थेंब नको. हे घरी येऊन म्हणाले, "डॉक्टरांनी 'नको' म्हटलं, 'नाही' म्हटलेलं नाही." जन्मभर कलमांतल्या पळवाटा बुजवणारा माणूस स्वतःसाठी काढायला लागला की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून मी वाद घातला नाही. बाटली आणली की व्होडकाने खिडक्यांच्या काचा पुसते, काय लखलखतात म्हणून सांगू, आणि सुरईत उकळून गार केलेलं पाणी भरते. मला वाटलं होतं, पहिल्या संध्याकाळी पकडली जाईन. ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! हा माल वेगळाच आहे."

खार आल्यापासून तर विचारू नका. दोन पेल्यांत डोळे लाल, तिसऱ्यात तोल जातो, चौथ्यात मला 'राणी' म्हणतात. मिरची आणि मोहरी बिचारी आपलं काम करतात, श्रेय ह्यांची जीभ घेते. मी नोकरीत रोज पाण्याचे नमुने तपासते. सुरईतलं पाणी पिण्यास योग्य आहे, एवढं मी सहीनिशी लिहून देईन.

आता खरं विचारायचं ते. हे म्हणतात, आईंना इकडे यायचं नाही, चिंगीच त्यांना ढकलतेय. मला ते पटत नाही. आई आल्या तर मला हव्याच आहेत. या घरात बोलायला माणूस नाही, वन्सं, नुसता काउंटर आहे. खरं काय ते मला कळवा, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

तुमची
वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी लॅबमध्ये वाचलं आणि एवढी हसले की हातातली कवळी पडून पुढचे दोन दात तुटले. त्या आजोबांना चार दिवस थांबावं लागणार. पाणी चालू ठेव. त्याला काही सांगू नकोस. तुला माझ्याकडून कायमची माफी, आजवर मी तुझ्याबद्दल मनात जे जे म्हटलं त्या सगळ्याची.

आता खरं. आईला यायचं नाही? अगं, तिची पेटी भरून दाराशी ठेवलीय. रोज उघडते, घड्या मोडते, पुन्हा घालते. तुमच्याकडे थंडी जास्त की कमी, हे तिने मला इतक्यांदा विचारलंय की मला आता ऋतूंचा वीट आला. ती फक्त म्हणते, "त्याचं पत्र येऊ दे. बोलावल्याशिवाय कसं जायचं? मुलाचं असलं तरी घर त्याचं आहे."

कॉलेजला मी 'येते' असं कळवलंय. म्हणजे माझं तर आता पाण्यात पडल्यासारखं झालंय. तूच आतून हात दे.

चिंगी


१० मार्च

प्रिय वन्सं,

आठ तारखेबद्दल आई तुमच्याशी किती बोलल्या मला माहीत नाही. म्हणून मी पाहिलं ते सगळं लिहिते. लपवून ठेवायला मला जमणार नाही.

पाहुणे आले. ह्यांनी खास कोट चढवला होता. मी सुरई सहा वेळा भरली, सहाही वेळा नळाचं, उकळलेलं. साहेबांनी पहिला घोट घेतला, खोकले, आणि डोळे पुसत म्हणाले, "कडक! परदेशी दिसते." दुसऱ्या पेल्याला त्यांनी बूट काढले. तिसऱ्याला वकिलांच्या गळ्यात पडून म्हणाले, तू माझा धाकटा भाऊ. वकिलांनी गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या, "वहिनी, अशा अवस्थेत गाडी चालवणं गुन्हा आहे," असं अडखळत म्हणाले. ते राहतात खालच्या मजल्यावर. मी ओढणी तोंडात कोंबून आत जाऊन हसून आले. इथपर्यंत मजाच होती.

मग साहेबांनी विचारलं, "या खोलीत तुमच्या आई येणार होत्या ना?" आणि हे उठले. "आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावतो" म्हणाले. तुमच्या घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे कोणी तरी फोन उचलला. हे थांबलेच नाहीत. मी शब्द न् शब्द लिहिते:

"चिंगे, ऐक. आई मला नको. स्पष्ट सांगतो. खोली कसली आणि काय, जेवल्यावर माणूस काहीही बोलतो. तुला ना नवरा ना पोर, तुला आईचं करायला काय झालं? शिकवायला जातेय म्हणे! तुला एवढंच असेल तर ठेव तिला एखाद्या आश्रमात, मला विचारूही नकोस. मला या वयात रात्रंदिवस कुणाचं खोकणं ऐकायचं नाहीये. आता कुठे मी जगायला लागलोय!"

खोलीत कोणी हसलं नाही. फोनमधून आईंचा आवाज आला. "बरं," म्हणाल्या. "जेवून घे वेळेवर." आणि ठेवला.

ह्यांचा चेहरा त्या टोमॅटोसारखा होता, तो पांढरा झाला. साहेबांनी बूट चढवले. वकील किल्ल्या घेऊन जिन्याने तरातरा उतरले, एकही पायरी चुकली नाही. हे मात्र कोचावर आडवे होऊन बरळायला लागले, "मला चढलीय, मला फार चढलीय." मी शेजारी उभी राहून ऐकत होते. सुरई माझ्या हातात होती. वाटलं होतं, ओतावी डोक्यावर. पाणीच तर होतं.

तुम्ही त्या वेळी घरी नव्हतात का? आई कशा आहेत?

वहिनी


११ मार्च

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. आठ तारखेला संध्याकाळी फोनवर माझ्या तोंडून काही शब्द गेले असं मला सांगण्यात आलं. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. आई, ते मी बोललो नाही, ती दारू बोलली. मित्रांच्या आग्रहामुळे प्रमाणाबाहेर झाली होती. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या बोलण्याला जबाबदार धरता येत नाही, हे कोणतंही कलम सांगेल. शुद्धीत असतो तर तुझ्याबद्दल असा विचार माझ्या मनाला शिवला असता का? तूच सांग.

तुझ्या येण्याविषयी योग्य वेळी कळवतोच. खार उत्तम आहे. पोट आता बरं आहे.

तुझा
आज्ञाधारक मुलगा


१५ मार्च

दादा,

आईला लिहिलेलं तुझं पत्र मी तिला न गाळता वाचून दाखवलं.

आठ तारखेला मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर आई फोनशेजारी बसली होती. "कोणाचा होता?" विचारलं, तर म्हणाली, "चुकून लागला होता." पेटी दाराशी नव्हती. ती तिने पलंगाखाली ढकलून ठेवली होती, एकटीने, काठी बाजूला टाकून. वहिनीचं पत्र येईपर्यंत मला तिने एक अक्षर सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला इथंच बरं वाटतं गं. तू कॉलेजला नाही म्हणून कळव." तिच्यापुढे मी हसले आणि लॅबमध्ये जाऊन रडले, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

तुझं पत्र ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? प्यायलेला होता बिचारा. शुद्धीत नव्हता. माझा मुलगा असं बोलणार नाही." जिना झाडणाऱ्या बाईंनाही तिने बोलावून सांगितलं. आपला मुलगा दारुडा आहे हे एखादी आई इतक्या आनंदाने सांगताना मी प्रथमच पाहिलं.

आता तू बस. त्या उंच स्टुलावर नको, खाली बस.

त्या सुरईत पाणी होतं, दादा. त्या दिवशी होतं, त्याच्या आदल्या दिवशी होतं, जानेवारीपासून रोज आहे. तुझी व्होडका तुमच्या खिडक्या प्यायल्या. खरं वाटत नसेल तर सुरईतलं पेल्यात ओत. टोमॅटो नको, लिंबू नको, आईचा खार नको. नुसतं पी, तुझ्या त्या तयार जिभेने. वहिनीवर डाफरायचा विचार असेल तर डॉक्टरांचा रिपोर्ट आधी मोठ्याने वाचून दाखव, आवाज चढवत, उतरवत.

तेव्हा ते शब्द दारूचे नव्हते. दारू तिथे नव्हतीच, तूच होतास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं तू प्यायला होतास, आणि त्याच एका समजावर ती पुन्हा जेवायला लागलीय. हा समज तसाच राहावा असं मला वाटतं. तुलाही वाटत असेल, तर अठ्ठावीस तारखेला स्टेशनवर स्वतः ये. पलंग खिडकीशी. न्हाणीघरात दांडा. आणि त्याआधी तिला बोलावणं येऊ दे, तुझ्या हातचं, त्यात 'परंतु' नको. नाही आलं तर मी कॉलेजला नाही म्हणून कळवेन, जन्मभर आईला सांभाळेन, आणि त्या दिवशी सुरईत काय होतं ते तिच्या उजव्या कानात सांगेन.

हा दावा तू फेटाळून दाखव.

चिंगी


१९ एप्रिल

चि. चिंगीस,

आशीर्वाद. हे मी स्वतः लिहितेय, भिंग घेऊन, म्हणून ओळी वाकड्या आहेत. मुलं ऐकतात का तुझं? ऐकली नाहीत तर आवाज चढवू नकोस, गप्प राहा. गप्प राहिलं की सगळे घाबरतात. फळ्यासमोर उभी राहून पाय दुखत असतील तर मधे मधे बसत जा. फोटोत छान दिसतेस. साडी तेवढी इस्त्रीची नेस.

माझं बरं चाललंय. दादा स्टेशनवर आला होता, हमालाला हात लावू दिला नाही, पेटी स्वतः उचलली. खोली चांगली आहे. पलंग खिडकीशी आहे. ते काउंटर भिंतीतून निघेना म्हणून तसंच ठेवलंय, मला उपयोगी पडतं. त्याच्यावर मी लिंबं चिरते. पेल्यांच्या जागी माझ्या बरण्या मांडल्या. आरशात त्या दुप्पट दिसतात, बरं वाटतं. एका स्टुलावर गोळ्यांचा डबा असतो. तुझी वहिनी ऑफिसातून आली की दुसऱ्या स्टुलावर बसते आणि आम्ही बोलतो. ती मेरी कोण तेही कळलं. मी उगीच त्या बाईवर राग धरला होता.

आता तुला एक सांगायचं आहे. दादा रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्या सुरईतून एक पेला घेतो. मग थोडा अडखळतो, दाराला खांदा आपटतो, मला दिसेल अशा बेताने. रोज तेच दार आणि तोच खांदा. मी तुझ्या वडिलांच्या दोन्ही भावांना प्यायलेलं पाहिलंय. प्यायलेला माणूस दार बघून आपटत नाही.

एकदा तो खाली गेला तेव्हा मी बूच काढलं आणि चमचाभर चाखून पाहिलं. पाणी. म्हटलं, आजच्या दिवसाचं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. मग तुझ्या वहिनीला विचारलं, हे कधीपासून. ती रडायला लागली आणि रडत रडत सगळं बोलून गेली. तेव्हा मला आठ मार्चचं कळलं. तुलाही माहीत होतं, हेही कळलं. तू सांगितलं नाहीस, ते चांगलं केलंस.

वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू? दोन दिवस घास उतरला नाही, वहिनीला म्हटलं दात दुखतोय. पण मग विचार केला. नाटक करतो म्हणजे त्याला लाज वाटते. ज्याला काहीच वाटत नाही तो कशाला रोज खांदा दुखवून घेईल? तेवढी लाज आहे तेवढ्यावर मी राहीन. तू मात्र हे वाचून निघून येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही. वर्ष पुरं कर, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जा. वहिनीला मी एवढंच सांगितलं, सुरईतलं पाणी रोज बदलत जा, शिळं होतं.

काल त्याने मान खाली घालून विचारलं, "आई, त्या दिवशी फोनवर मी फार वाईट बोललो होतो का गं? मला काही आठवत नाही." मी म्हटलं, मलाही आठवत नाही. मग मीच उठून त्याला पेला करून दिला. टोमॅटो, लिंबू, सुरईतलं पाणी आणि नव्या बरणीतला खार, चांगला चार चमचे. त्याने एका दमात संपवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. म्हणाला, "आई, यंदा खार फार तिखट झालाय."

मी म्हटलं, हो, झालाय खरा.

तुझी
आई